गुहेत लपलेले आणि गुहेतून आलेले

या मासिकाच्या पानांवर बहुधा गाथेचे चिंतन असते, ज्ञानेश्वरीतल्या एखाद्या ओवीचे निरूपण असते, नाहीतर नाथांच्या भागवताचा विचार असतो. आज मात्र एका इंग्रजी बालकादंबरीबद्दल आपल्याशी बोलायचे आहे. आपली नातवंडे ही पुस्तके वाचतात, त्यावरचा चित्रपटही 2008 साली येऊन गेला, आणि आपण मोठी माणसे 'राजाराणीची गोष्ट' म्हणून त्याकडे पाहत नाही. पण या गोष्टीत एक छळलेली जमात आहे, तिला कुठे आसरा नाही, आणि तिच्यापुढे जो पेच उभा राहतो तो संतचरित्रे ऐकलेल्या माणसाला परका वाटणार नाही.

पुस्तकाचे नाव 'प्रिन्स कॅस्पियन'. लेखक सी. एस. लुईस. बेलफास्टला 1898 साली जन्मलेला, पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून लढलेला, पुढे ऑक्सफर्डला अनेक वर्षे शिकवणारा हा माणूस. मधल्या काळात ईश्वर नाकारून बसला होता, मग पुन्हा श्रद्धेकडे वळला. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडतील म्हणून मुलांना बाहेरगावी पाठवत, तशी काही मुले त्याच्या घरी येऊन राहिली होती. निर्वासित पोर दारात उभे राहिले की काय होते ते त्याने पाहिलेले होते. 'नार्निया' या कल्पित देशावर त्याने सात पुस्तके लिहिली. त्यातले हे दुसरे, 1951 साली आले.

लुईस ख्रिस्ती होता आणि त्याच्या गोष्टीतला अस्लान नावाचा सिंह हे ख्रिस्ताचेच रूप आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला फसवल्यासारखे वाटायला नको. फादर स्टीफन्स यांनी 1616 साली ख्रिस्तपुराण छापले ते मराठी ओवीत. शेख महंमदांना आपण संत म्हणतो. तेव्हा सिंहाच्या रूपातल्या देवाशी आपले भांडण असायचे कारण नाही. माझे या पुस्तकाशी जे भांडण आहे ते वेगळ्या गोष्टीवरून आहे, आणि ते पुढे येईल.

गोष्ट अशी. नार्निया हा बोलणाऱ्या प्राण्यांचा, बुटक्या लोकांचा, जागत्या झाडांचा, नदीतल्या देवतांचा देश. टेल्मार नावाच्या मुलखातून माणसे आली, त्यांनी तो जिंकला. प्राण्यांची वाचा बंद पाडली, झाडे तोडली, झरे मुके केले, बुटक्यांना मारले नाहीतर हाकलले. इथवर सगळे जेते करतात तेच. टेल्मारी लोकांनी त्यापुढचे एक केले. हे लोक कधी होतेच असे बोलायलाही बंदी घातली. बोलणारे प्राणी म्हणजे म्हाताऱ्यांच्या भाकडकथा, असे नव्या पिढीला शिकवले. शाळेत इतिहास शिकवतात तो खोटाही आणि कंटाळवाणाही. राजपुत्र कॅस्पियन लहान असताना त्याची दाई त्याला जुन्या नार्नियाच्या गोष्टी सांगते. काका मिराझ राजा आहे, त्याला हे कळते आणि दुसऱ्या दिवशी दाई वाड्यात नसते. निरोपही घेऊ दिलेला नाही.

दाईच्या जागी शिक्षक येतो, डॉक्टर कॉर्नेलियस. ठेंगणा, गोल, दाढीवाला. एका रात्री ग्रहांची युती दाखवायच्या निमित्ताने तो मुलाला उंच बुरुजावर नेतो, कारण तिथे कुणी चोरून ऐकू शकत नाही. तिथे तो सांगतो की दाईच्या गोष्टी खऱ्या होत्या. मग मुलाला दिसते की गुरुजी स्वतःच अर्धे बुटके आहेत. पुष्कळ बुटके दाढ्या काढून, उंच टाचांचे जोडे घालून, आपण माणसेच आहोत असे भासवत जगले. त्यांच्या वंशात माणसांचे रक्त मिसळले. खरे बुटके कुठे उरले असतील तर ते आपल्याला फितूर म्हणतील, हेही त्या म्हाताऱ्याला ठाऊक आहे. तरी आपली माणसे तो विसरलेला नाही.

माउली, हे चौथे प्रकरण नातवंडांना वाचून दाखवायचे असेल तर रात्री, हळू आवाजात वाचा. चित्रपटात लढायांना फार जागा मिळाली आहे. पुस्तकाचा जीव मात्र त्या बुरुजावरच्या कुजबुजीत आहे. ज्याचे सगळे हिरावून घेतले त्याच्यापाशी शेवटी काय उरते? आठवण. आणि ती कुणीतरी दुसऱ्याच्या कानात घालावी लागते, नाहीतर ती त्याच्याबरोबर जाते. आपण नामस्मरण म्हणतो तेव्हा 'स्मरण' या अर्ध्या शब्दाकडे आपले लक्ष जरा कमीच जाते. लुईसने तेवढ्यावर एक अख्खे पुस्तक उभे केले आहे.

राजाला स्वतःचा मुलगा होतो आणि पुतण्याच्या जिवाला धोका निर्माण होतो. कॅस्पियन रात्री पळतो, वादळात घोड्यावरून पडतो, आणि शुद्धीवर येतो तो एका बिळात. समोर तिघे. ट्रफलहंटर नावाचा बॅजर, म्हणजे बीळ करून राहणारा, तोंडावर काळेपांढरे पट्टे असलेला एक विलायती प्राणी. आणि दोन बुटके, ट्रम्पकिन आणि निकाब्रिक. आता पाहा, छळलेल्यांच्या बिळात छळणाऱ्याच्या घरातला मुलगा आसऱ्याला आला आहे. निकाब्रिक म्हणतो, मारून टाका. जिवंत सोडला तर आपला ठावठिकाणा सांगेल. ट्रम्पकिन म्हणतो, ज्याच्या जखमा बांधल्या त्याला मारायचे नाही.

आपल्याला लगेच बिभीषण आठवतो. रावणाचा भाऊ समुद्राच्या या तीरावर येऊन उभा आहे, सुग्रीव म्हणतो याला ठेवू नका, आणि श्रीराम अभय देतात. पण दोन्हीकडे एक फरक आहे. रामापाशी सेना आहे, धनुष्य आहे, अभय द्यायची ताकद आहे. बॅजरापाशी एक बीळ आहे. ज्याला स्वतःलाच कुणी आसरा दिला नाही त्याने आसरा द्यायचा. लुईस हे फार थोडक्यात, गडबड न करता लिहून जातो. या पुस्तकातल्या सगळ्या तलवारींपेक्षा मला हे बीळ मोठे वाटते.

या बॅजराची एक ओळख आहे. तो म्हणतो की आम्ही प्राणी बदलत नाही, धरून राहतो. बुटके विसरतात, माणसे विसरतात, आम्ही विसरत नाही. सिंह कित्येक पिढ्यांत दिसलेला नाही, तरी त्याची शंका त्याला येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या घरात वारी चालत आलेला एखादा म्हातारा वारकरी डोळ्यांसमोर आणा. त्याला 'का जाता?' विचारले तर तो तुमच्याकडे नुसता पाहत राहील. दुसरा बुटका ट्रम्पकिन याच्या उलट. त्याचा सिंहावर विश्वास नाही, जुन्या राजाराण्यांवर नाही, मंतरलेल्या शिंगावर नाही. शिंग फुंकण्याच्या तो विरोधात आहे. पण फुंकायचे ठरले, कुणीतरी मदतीला सामोरे जायला हवे म्हटल्यावर हाच उठतो. सल्ला द्यायची वेळ संपली, आता हुकूम पाळायची वेळ, एवढाच त्याचा हिशोब. आपल्या दिंडीतही असे लोक असतात, देवाबद्दल फारसे बोलत नाहीत, पण पाण्याचा टँकर वेळेवर आणतात.

आणि तिसरा निकाब्रिक. त्याच्यासाठीच मी हे लिहायला बसलो.

निकाब्रिक वाईट आहे असे पुस्तक सुरुवातीला म्हणत नाही. तो कडवट आहे. कॉर्नेलियससारखे अर्धे बुटके त्याला सहन होत नाहीत; जे वेष बदलून जगले ते त्याच्या लेखी फितूर. टेल्मारींचा नायनाट करील तो आपला, मग तो कोणीही असो, ही त्याची भूमिका. तो राक्षसांना आणि चेटकिणींनाही सोबत घेऊ म्हणतो, बॅजर नको म्हणतो. पुढे लढाई हरत जाते. सगळे अस्लानच्या टेकाडाखालच्या भुयारात कोंडले गेले आहेत, शिंग फुंकूनही कोणी आलेले दिसत नाही. तेव्हा बाराव्या प्रकरणात, अंधाऱ्या खोलीत निकाब्रिक बोलतो. धोक्याच्या हल्ल्यांवर कोणाला पाठवले? बुटक्यांना. शिधा कमी पडला तेव्हा कोण उपाशी राहिले? बुटके. तुमचा सिंह कुठे आहे? आणि मग तो म्हणतो की पूर्वी एका पांढऱ्या चेटकिणीने या देशावर शंभर वर्षे राज्य केले, हिवाळा संपू दिला नाही. ती क्रूर असेल, पण तिच्यात ताकद होती, आणि बुटक्यांशी ती बरी वागली. तिला बोलवू या. एक चेटकीण आणि एक लांडगामाणूस तो घेऊनच आला आहे.

दिवा विझतो, झटापट होते, निकाब्रिक मरतो. कोणाच्या हातून ते अंधारात कळत नाही. तरुण राजा कॅस्पियन म्हणतो की फार दुःख आणि फार द्वेष यांनी तो आतून आंबून गेला होता, आणि आपण लवकर जिंकलो असतो तर शांततेच्या दिवसांत तो कदाचित चांगलाही झाला असता. चेटकिणीचे आणि लांडग्याचे प्रेत फेकून द्यायचे, पण निकाब्रिकचा देह त्याच्या लोकांकडे, त्यांच्या रीतीने पुरायला द्यायचा, असे ठरते. हा न्याय लहान नाही, आणि लेखकाला त्याचे श्रेय द्यायला हवे.

पण माझे भांडण इथेच आहे. निकाब्रिकचा उपाय खोटा होता, मान्य. त्याची तक्रार खोटी होती का? बॅजर ओरडतो की हे सगळे खोटे आहे. लेखक त्याच्या बाजूने आहे, म्हणून आपणही मान डोलावतो. पण बुटक्यांना खरोखर जास्त सोसावे लागले की नाही, हे लुईस कुठेही तपासून सांगत नाही. सिंह इतक्या पिढ्या का आला नाही, या प्रश्नालाही उत्तर मिळत नाही. विचारणाराच मारला जातो. ज्याने सर्वात बोचरा प्रश्न विचारला त्याच्याच तोंडी सर्वात अघोरी उपाय घातला की प्रश्न आपोआप बाद होतो. गोष्ट लिहिणाऱ्यांची ही जुनी सोय आहे. आपल्या कीर्तनांतही ती वापरली जाते.

चोखोबांकडे पाहा. महाद्वाराबाहेर उभे राहिलेले चोखोबा आपण कीर्तनात सांगतो ते शांत, सोशिक, भाबडे. त्यांच्या अभंगांत विठोबाला विचारलेले प्रश्न आहेत, देवाशी घातलेला वाद आहे, जन्माने लावलेल्या विटाळाचा सरळ जाब आहे. ते अभंग निरूपणाला फार कमी वेळा येतात. निकाब्रिक आणि चोखोबा यांच्यातला फरक एक ओरडला आणि दुसरा गप्प राहिला असा नाही. दोघांनीही विचारले. निकाब्रिकने सिंहाकडे पाठ फिरवून चेटकिणीला हाक मारली. चोखोबांनी ज्याच्या दारात अडवले गेले त्यालाच विचारले, आणि दारातून हलले नाहीत. मंगळवेढ्याला भिंत कोसळून ते गेले, नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणल्या, समाधी महाद्वारासमोर झाली. आत नाही. ते दार त्यांच्या लोकांसाठी उघडायला सहाशे वर्षे लागली, आणि 1947 साली साने गुरुजींना त्यासाठी पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले. तेव्हा 'देव इतके दिवस कुठे होता?' हा निकाब्रिकचा प्रश्न ऐकल्यावर वारकऱ्याने तरी पटकन 'खोटे, खोटे' म्हणू नये.

निकाब्रिकला ताटी उघडायला सांगणारे कोणी भेटले नाही, असेही वाटते. लोकांच्या निंदेने दुखावून ज्ञानदेवांनी झोपडीचे दार लावून घेतले, तेव्हा बाहेर मुक्ताई उभी राहिली. ताटीच्या अभंगांतली मुक्ताई धाकटी आहे, घरातली आहे, आणि तोच अपमान तिनेही सोसलेला आहे. संन्याशाची पोरे म्हणून आळंदीने चौघांनाही सारखेच बाहेर ठेवले होते. म्हणून तिच्या बोलण्याला वजन आहे. तीच गोष्ट एखाद्या सुखवस्तू शेजाऱ्याने येऊन सांगितली असती तर? निकाब्रिकला समजावतो तो बॅजर. तो सज्जन आहे, त्यानेही सोसले आहे, पण तो बुटका नाही. ट्रम्पकिन बुटका आहे, त्याच बिळात राहिलेला आहे. तो बोलला असता तर काय झाले असते? पण लेखकाने त्याला त्या काळात दुसऱ्या कामाला पाठवून दिले आहे. कथेची गरज म्हणून पाठवले असेल. मला मात्र त्या अंधाऱ्या खोलीत त्याची जागा रिकामी दिसते.

आणखी एक खटकते. बोलणाऱ्या प्राण्यांचा देश, त्यांचा छळ, त्यांचे रक्त, आणि राजा मात्र माणूसच हवा, तोही टेल्मारी घराण्यातला. बॅजरच ते सांगतो: हा माणसांचा देश नाही, पण राजा माणूस असला म्हणजेच इथे नीट चालते. लुईसच्या मनातला इंग्रज इथे बोलतो. सावता माळी, गोरा कुंभार, जनाबाई यांच्यामागून चालणाऱ्या आपल्या परंपरेला हे पचायला जड आहे. कुणी राजपुत्र येऊन आपल्याला सोडवील अशी वाट तिने पाहिली नाही.

इतके म्हटल्यावर पुस्तकाचा शेवट सांगतो, कारण लुईस तिथे माझ्या भांडणाच्या पलीकडे जातो. जिंकल्यावर अस्लान जाहीर करतो की इथून पुढे हा देश माणसांचा जितका तितकाच प्राण्यांचा, बुटक्यांचा, वनदेवतांचा. ज्यांना हे चालेल त्यांनी राहावे. ज्यांना नको त्यांना दुसरी जागा देऊ. तरुण टेल्मारी खूश आहेत. मिराझच्या काळात जे मोठे होते ते तोंड वाकडे करतात. जिथे आपले राज्य नाही तिथे राहायचे कसे, ही त्यांची अडचण. तेव्हा सिंह त्यांना सांगतो की तुम्ही मुळात कोण आहात.

टेल्मारी लोक मुळात आपल्याच जगातले. दक्षिण समुद्रातल्या एका बेटावर वादळाने आणून टाकलेले चाचे. त्यांनी तिथल्या लोकांना मारले, तिथल्या बायका घेतल्या, आणि दारू पिऊन आपसात भांडू लागले. त्या भांडणात सहा जण आपल्या बायकांसह पळाले, डोंगर चढून लपायला एका गुहेत शिरले. ती गुहा म्हणजे दोन जगांमधली फट होती. ते खाली पडले ते टेल्मारमध्ये, रिकाम्या मुलखात. तिथे त्यांचा वंश वाढला, गर्विष्ठ झाला. मग टेल्मारात दुष्काळ पडला, आणि ते नार्नियावर चालून आले.

म्हणजे ज्यांनी नार्नियाच्या लोकांना गुहांत आणि बिळांत घातले, ते स्वतः गुहेत लपायला निघालेल्यांचे नातू होते. एकदा जिवाच्या भीतीने पळालेले, दुसऱ्यांदा भुकेने. दोन्हीही त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकात नाही. दुसऱ्यांची आठवण पुसण्याआधी त्यांनी स्वतःची पुसून टाकली होती. समुद्राच्या बाजूने सिंह येतो म्हणून ते समुद्राला भीत. समुद्र दिसू नये म्हणून किनाऱ्यावर जंगल वाढू दिले. मग झाडांशी वैर म्हणून जंगलालाही भीत, आणि तिथे भुते आहेत असे मुलांना सांगत. असा भित्रा जेता दुसऱ्या बालपुस्तकात मी पाहिलेला नाही. हा सगळा खुलासा लुईस अगदी शेवटच्या प्रकरणात करतो, तो फार उशिरा येतो असे मला वाटते. पण आला की मागचे पुस्तक पुन्हा वाचावेसे वाटते.

कॅस्पियन हे ऐकून खजील होतो. आपले पूर्वज जरा बरे असते तर, असे म्हणतो. सिंह त्याला जे सांगतो त्याचा आशय असा की माणूस म्हणून जन्मणे ही भिकाऱ्याने मान ताठ करावी एवढी प्रतिष्ठा आहे, आणि सम्राटाने मान खाली घालावी एवढी लाजही. कुळाचा अभिमान आणि कुळाची लाज दोन्ही एका वाक्यात सुटतात. आणि जेत्यांना शिक्षा म्हणून तो काय देतो? दोन काठ्या उभ्या, एक आडवी, असे मोकळ्या रानात उभे केलेले दार. त्यातून गेले की पूर्वजांचे ते बेट. तिथे आता कोणी नाही, विहिरी गोड्या आहेत, जमीन पिकाऊ आहे. पसायदानात माउलींनी दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला दुष्टपणा जावा असे मागितले, हे आपण रोज म्हणतो. तसे झाल्यावर त्या माणसांना ठेवायचे कुठे, हा पुढचा व्यवहाराचा प्रश्न असतो. लुईसने तो एका बालकथेत टाळलेला नाही. त्यांनाही त्याने आसरा दिला, आणि तोही कोणाच्या घरात घुसून नव्हे, रिकाम्या जागेत.

आधी त्या दारातून जायला कोणी धजत नाही. पलीकडे काय आहे याचा भरवसा नाही. मग एक जण पुढे होतो, आणि त्याच्यामागून काही आणखी जातात. बाकीचे राहतात, शेजारी म्हणून.

त्या दाईचे राहिलेच. सिंह नगरातून चालला असता एका झोपडीशी थांबतो. मावशी मरायला टेकली म्हणून एक मुलगी रडते आहे. आत ती म्हातारी, अंगात थोडे बुटक्यांचे रक्त असावे अशी. डोळे उघडते, सिंहाला पाहते, आणि घाबरत नाही. आयुष्यभर याचीच वाट पाहत होते, असे म्हणते. विहिरीचे पाणी तिला देतात तर त्याचा द्राक्षरस झालेला असतो, आणि ती उठून बसते. पुढे कॅस्पियन भेटतो. ज्या मुलाला गोष्टी सांगितल्या म्हणून वाड्यातून हाकलले, तो आता राजा आहे. पुस्तकात तिला नाव दिलेले नाही.